पंचकातला लॉट

अपर्णानं व्हॉल्व्हची चावी केसभर फिरवली, फुस्स करून सुटलेला वायू ओंजळीत धरला, ओंजळ नाकाशी नेली आणि मान झटक्यात मागे घेतली. मग परत एकदा घेतला. दुसऱ्यांदा घ्यायची गरज नव्हती. पण खात्री करून घेतल्याशिवाय कुणाला शिवी देऊ नये, असं तिचं मत होतं.

लसणीसारखा वास. स्वयंपाकघरातली लसूण तरी बरी. हा वास कार्बाईड टाकून पिकवलेल्या आंब्यांची पेटी कोंदट खोलीत विसरावी आणि मग एक दिवस झाकण उघडावं, तेव्हा तोंडावर येतो तसला. वेल्डिंगच्या दुकानावरून नाकाला पदर लावून जावं लागतं, तो. ऑक्सिजनला वास नसतो. शाळेतलं पोरगंही हे सांगेल.

"आया ना?" दुर्गा सिस्टर कमरेवर हात ठेवून उभी होती. उज्जैनच्या फ्रीगंजातल्या त्या नर्सिंग होमच्या मागच्या बोळात सिलिंडरांची रांग भिंतीला साखळीनं बांधलेली होती, आणि रांगेच्या पायाशी कुणीतरी पान थुंकलेलं होतं. "मैं सुबे से बोल रही हूँ। डॉक्टर साब बोले, सिस्टर, आपकी नाक में गड़बड़ है।"

"आपकी नाक ठीक है।"

"अम्मा ने मास्क खींच के फेंक दिया, मैडम। बोली, लहसन की चटनी सुँघा रए हो क्या। सब हँसे। फिर उल्टी हुई, तब जाके सबकी हँसी बंद हुई।"

"अब कैसी हैं?"

"दूसरा लगा दिया, सो रही हैं।" दुर्गानं आवाज खाली आणला. "मगर मैडम, दूसरा भी तो आपके यहीं का है।"

अपर्णानं रांगेवरून नजर फिरवली. पहिल्या सिलिंडरच्या गळ्याशी स्टिकर होता, लॉट एक-चौतीस. दुसऱ्यावर एक-चौतीस. तिसऱ्यावर तेच. ती रांगेच्या टोकापर्यंत गेली आणि परत आली. बोळात दुसरा नंबर नव्हताच.

लॉट म्हणजे काही मोठी विद्या नाही. प्लांटमध्ये एका पाइपाला एका वेळी वीस-बावीस रिकामे सिलिंडर जोडतात आणि एका दमात भरतात. एका पातेल्यात शिजलेला भात म्हणा. त्या पातेल्याला एक नंबर, आणि तोच नंबर त्यातल्या प्रत्येक ताटाला. पुढचं पातेलं चढलं की नवा नंबर. उद्या एका ताटात पाल निघाली, तर त्याच पातेल्यातली बाकीची ताटं लोकांच्या तोंडापुढून ओढून घेता यावीत, एवढ्यासाठी हा खटाटोप. सरकारी नियम आहे; पण नियम नसता तरी पंगत वाढणाऱ्या कुठल्याही बाईला हे सुचलं असतं.

भय्यासाहेबांना मात्र दुसरंच काही सुचलं होतं. त्यांच्या मक्सी रोडवरच्या प्लांटमध्ये पंचकात नवा नंबर उघडत नसत.

चंद्र कुंभ आणि मीन राशीतून जातो ते पाच दिवस म्हणजे पंचक. दर महिन्याला येतं. त्यात खाट विणत नाहीत, छत घालत नाहीत. आणि पंचकात कुणी गेलं तर चितेवर पिठाचे पाच पुतळे ठेवतात, नाहीतर जाणारा आणखी पाच जणांना ओढून नेतो म्हणतात. उज्जैनमध्ये हे कुणाला समजावून सांगावं लागत नाही. काही वर्षांपूर्वी नेमक्या पंचकात नव्या लॉटची भरणी सुरू झाली, जोडनळी फुटली आणि एका कामगाराचा हात भाजला. वायसर झिजलेलं होतं. अपर्णानं तसं लिहूनही दिलं. वायसर बदलायला महिना गेला; पंडिताला विचारायला दुपारही लागली नाही. पंडित म्हणाले, पंचकात आरंभ वर्ज्य. भरणी थांबवणं शक्य नव्हतं, माणसं पंचकातही श्वास घेतात. मग तोड निघाली: भरणी चालू, नंबर बंद. पाचही दिवसांची सगळी पातेली एकाच जुन्या नंबराखाली.

अपर्णा तेव्हा भांडली होती. एम.एस्सी. केमिस्ट्री, लॉट बाहेर सोडायची सही तिची, तिनं भांडायला हवंच होतं. निदान नंबरापुढे क, ख, ग तरी लिहू द्या, म्हणाली. भय्यासाहेबांनी तेही पंडितांना विचारलं. पंडितांचं उत्तर आलं, अक्षर म्हणजे साक्षात ब्रह्म, अक्षर लिहिलं की आरंभ झालाच. यावर रसायनशास्त्रात उत्तर नव्हतं. तेव्हापासून दर पंचकाला ती सही करत आली. तोंड वाकडं करून, पण करत आली.

"इस रो में से कुछ मत लगाना," ती दुर्गाला म्हणाली. "अम्मा वाला भी बदलो। पुराने नंबर का एक भी हो तो वो लगाओ।"

"ऊपर दो रखे हैं एक-तैंतीस के।"

"वही।"

वासाचा सिलिंडर तिनं लोडिंग रिक्षात घालून स्वतःबरोबर आणला. रिक्षावाल्यानं टावर चौकात बिडी काढली तेव्हा ती अशी काही ओरडली की त्यानं बिडी खिशात घालायच्या ऐवजी रस्त्यावर टाकली.

*

प्लांटच्या फाटकात सुमीत उभा होता. भय्यासाहेबांचा भाचा, प्लांट मॅनेजर. दाढी कोरलेली, मनगटावर महागडं घड्याळ आणि घड्याळाखाली देवळातला लाल धागा. त्यानं सिलिंडर उतरवून घेतला, व्हॉल्व्ह जेमतेम उघडला, हुंगलं आणि खांदे उडवले.

"थोडा येतोय."

"थोडा?"

"मतलब, येतोय."

अपर्णानं स्कूटीच्या किल्लीनं सिलिंडरचा गळा खरवडला. हॉस्पिटलचा सिलिंडर अंगानं काळा आणि गळ्याला पांढरा असतो. वेल्डिंगवाल्यांचा नखशिखांत काळा. पांढऱ्या रंगाचा पापुद्रा सुटला. खाली काळा. कोवळा, अजून चिकट असलेला पांढरा रंग किल्लीच्या दातांत अडकून बसला.

"हा वेल्डिंगचा आहे, सुमीत."

"अरे, रिकाम्यांमध्ये कुठून तरी मिसळला असेल. देवास गेट भागातल्या दुकानांचा रिकामा माल एकत्रच येतो ना, ताई."

"मिसळला असेल. रंगही आपोआप चढला असेल."

सुमीत मोबाइलमध्ये बघू लागला. त्या मोबाइलमध्ये काही नव्हतं, पडदा काळा होता.

"भरायच्या आधी व्हॅक्यूम केला होता? आतलं सगळं ओढून काढलं होतं?"

"केला असेल."

"असेल?"

"ताई, अपन रोज किती भरतो! एकेकाची जन्मपत्रिका थोडीच ठेवतो."

"ठेवायची असते. तिलाच लॉट नंबर म्हणतात." तिनं किल्ली पदराला पुसली, मग पदराकडे बघितलं आणि तोही झटकला. "आतली घाण न काढता हा पाइपाला लावला. त्याच पाइपाला त्याच वेळी बाकीचे वीस होते. घाण एकात बसून राहत नाही, मागे येते, सगळ्यांत जाते. वरून ऑक्सिजनचा दाब. हॉस्पिटलात कुणाच्या छातीत गेली तर ते मरण, आणि ठिणगी पडली तर दुसरं. कुठल्या भरणीतला आहे हा?"

"पंचकातला."

"पंचकातल्या कुठल्या?"

सुमीतनं मोबाइल खिशात टाकला. पाच दिवसांच्या सगळ्या भरण्या, शहरभर वाटलेले शेकडो सिलिंडर, आणि सगळ्यांच्या गळ्यात एकच पाटी.

"मग सगळे परत बोलवायचे," अपर्णा म्हणाली. "एक-चौतीस सगळा."

"नाही नाही. ऐका ना. मी विचार करून ठेवलाय." सुमीतचा चेहरा एकदम खुलला. "सिम्पल आहे. पंचक आज सकाळी सुटलं. आता नवा नंबर उघडायला हरकत नाही. याचा स्टिकर काढायचा, नवा लावायचा. एक-पस्तीस. तारीख काय, आपल्याच हातात आहे. लॉट एक-पस्तीस, त्यात सिलिंडर एकच. तक्रार आली, अपन पूर्ण लॉट परत घेतला. शंभर टक्के! उलट इन्स्पेक्टर शाबासकी देईल."

"एका सिलिंडरचा लॉट."

"नियमात कुठं लिहिलंय, जास्तच पाहिजेत म्हणून?"

पालीला वेगळ्या ताटात वाढायचं आणि म्हणायचं, या ताटापुरताच स्वयंपाक होता.

तेवढ्यात भय्यासाहेबांची गाडी आत आली. पांढराशुभ्र कुडता, कपाळावर गंध, अंगाला अत्तराचा मंद वास. साठी उलटलेली, पण चालणं ताठ. मराठी समाजाच्या प्रत्येक कार्यक्रमात पहिली खुर्ची त्यांची. कोरोनात त्यांनी चौकाचौकात सिलिंडर वाटले होते आणि त्याचे फोटो अजून ऑफिसच्या भिंतीवर होते. प्रत्येक फोटोत सिलिंडरपेक्षा हार मोठा.

त्यांनी सिलिंडरकडे बघितलं नाही. तिच्याकडे बघितलं.

"काय गं बेटा, उन्हात उभी? आत चल, पाणी घे."

"इथंच बोलू, भय्यासाहेब. एक-चौतीस सगळा परत बोलवावा लागेल."

"सुमीतनं सांगितलं ना तुला?"

"सांगितलं."

"मग?"

"ते खोटं आहे."

भय्यासाहेब हसले. लहान मुलीनं पाढा चुकवला की आजोबा हसतात तसे.

"खोटं कसं? खराब सिलिंडर एक आहे, आपण एक परत घेतला. यात खोटं काय? सगळे बोलावलेस तर शहरभर बोंब होईल. लोक घाबरतील. घाबरलेला माणूस आधी मरतो, बेटा. दुसरी एखादी तक्रार आलीय कुठून?"

"त्या म्हातारीला हात होते. तिनं मास्क ओढून फेकला. तोंड होतं, ओरडली. मुलांच्या हॉस्पिटलात काचेच्या पेटीत ठेवलेलं पोर काय फेकणार आहे, भय्यासाहेब?"

मागे कॉम्प्रेसर घरघरत होता. सुमीतनं गळ्यावरचा स्टिकर नखानं उचकटायला सुरुवात केली होती; अर्धा निघाला, अर्धा चिकटून राहिला.

"सगळं बाबांच्या हातात आहे," भय्यासाहेब म्हणाले आणि डोळे मिटून त्यांनी महाकालाच्या दिशेला हात जोडले. अपर्णाच्या मनात आलं, यांनी साक्षात महाकालाला व्हॅक्यूमच्या पंपावर पाळीला लावलंय.

"एक-पस्तीसवर मी सही करणार नाही."

"संध्याकाळपर्यंत करशील." आवाज अजून मऊ होता. "राग शांत होऊ दे. मी तुला ओळखतो ना. नवरा गेला तेव्हा तुला इथं कुणी आणलं? मी नाही आणलं, तुझ्या काकूनं आणलं. तिला एकदा जाऊन भेट. रोज आठवण काढते."

ते आत गेले. अत्तराचा वास मागे राहिला आणि सिलिंडरच्या वासात मिसळला. दोन्ही मिळून जे झालं ते अपर्णाला सोसलं नाही. ती भिंतीपाशी जाऊन थुंकली.

आणि थुंकता थुंकता तिला आठवलं. काकू!

अंबिकाकाकू म्हणजे भय्यासाहेबांची बायको. त्यांची फुफ्फुसं गेली दोन वर्षं थकली होती. घरी दिवसरात्र नळी लावलेली. त्यांचा सिलिंडर याच प्लांटमधून जायचा, आणि या आठवड्याचा पंचकातच गेला होता. तिनं स्वतः गाडीत चढताना बघितला होता. गळ्यात एक-चौतीस.

भय्यासाहेबांच्या ध्यानात आलं नसेल, तिला वाटलं. माणूस कसाही असला तरी स्वतःच्या बायकोच्या नाकात... ध्यानात आलं नसेल. तिनं स्कूटी काढली. वाटेत तिला जवळजवळ बरं वाटलं. काकूंना एकदा कळलं की काम झालं. सगळ्या उज्जैनमध्ये या माणसाला गप्प करू शकणारी ती एकच बाई होती.

*

बंगला फ्रीगंजातच होता. दार उघडंच. काकू खिडकीशी आरामखुर्चीत बसल्या होत्या, नाकात नळी, मांडीवर वाटाण्याच्या शेंगांचं ताट. दाणे सोलून वाटीत टाकत होत्या, एका शेंगेनंतर थोडं थांबत, श्वास घेत, मग दुसरी.

"अगं, अपर्णा! किती दिवसांनी!"

"काकू, हात लावू नका, बसा तशाच." तिनं चपलाही काढल्या नाहीत. सरळ खुर्चीमागच्या सिलिंडरकडे गेली, गळ्यावरची कापडी खोळ वर केली.

हिरवा स्टिकर. देवासच्या प्लांटचा. भरणीची तारीख, भरणीचा नंबर, वर तपासणाऱ्याची सही, सगळं कसं जिथल्या तिथं.

तिनं सांध्याशी ओंजळ धरली. वास नव्हता. तिनं परत एकदा ओंजळ धरली. तरी नव्हता.

"हा कधी आला, काकू?"

"काल संध्याकाळी. सुमीतचा फोन आला आणि यांची जी धावपळ सुरू झाली! स्वतः उभं राहून जुना काढायला लावला. म्हटलं, संपलाही नाही, कशाला? तर म्हणाले, तुझ्यासाठी जरा बाहेरून मागवलाय. मेले ड्रायव्हर दोन तास देवासला जाऊन-येऊन." काकू कौतुकानं हसल्या. "या वयात एवढी काळजी कोण करतं गं."

काल संध्याकाळी. म्हातारीनं मास्क फेकला तो आज सकाळी.

अपर्णा जमिनीवर बसली. बसून तिनं सगळं सांगितलं. वेल्डिंगचा सिलिंडर, कोवळा पांढरा रंग, एकाच नंबराखालची पाच दिवसांची भरणी, लसणीचा वास, ओकलेली म्हातारी, एका सिलिंडरचा लॉट. मुलांच्या हॉस्पिटलात गेलेले सिलिंडर. कुणाला काल संध्याकाळीच कळलं होतं आणि कुणाला आजही कळलं नाही. नावं न घेता सांगता येण्यासारखं ते नव्हतं, म्हणून नावं घेऊन सांगितलं. काकूंचे हात मध्येच थांबले होते. एक उघडी शेंग अंगठ्याखाली तशीच राहिली.

सिलिंडरला जोडलेल्या बाटलीतल्या पाण्यात बुडबुडे येत होते.

"तुम्ही सांगा त्यांना," अपर्णा म्हणाली. "तुमचं ऐकतील. आत्ता फोन करा, काकू. रात्र पडायच्या आत सगळे काढता येतील."

काकूंनी श्वास घेतला. लांब, शांत. बऱ्याच दिवसांत त्यांना इतका निवांत श्वास घेताना तिनं बघितलं नव्हतं.

"हा चांगला आहे ना? माझा?"

"चांगला आहे."

"तू वास घेतलास?"

"घेतला."

"तुझ्या नाकावर माझा विश्वास आहे." काकूंनी दाणे वाटीत सोडले. "पंचकात कुणी गेलं तर नाही ना गं?"

"काय?"

"त्या... त्या सिलिंडरवरचं कुणी. पंचकात."

"मला कळलेलं तरी नाही."

"मग सुटलो." काकूंच्या खांद्यांवरचा ताण खरोखरच उतरला, ते दिसलं. त्यांनी पुढची शेंग उचलली. "पंचकात एक गेला असता तर पाठोपाठ पाच. आता सुटलं ते. आता काही होत नाही. यांनी केलं असेल ते विचार करूनच केलं असेल. तू सही करून टाक, बाई. तुझ्या पोराचं, विहंगचं, कॉलेजचं शेवटचं वर्ष ना? कशाला डोक्याला ताप?"

अपर्णानं त्यांच्याकडे बघितलं. हीच बाई अपर्णाच्या नवऱ्याच्या तेराव्याला तिच्या दारात उभी राहिली होती. हीच म्हणाली होती, रडणं संपलं की सांग, काम बघून ठेवलंय. तेच डोळे, तोच कुंकवाचा मोठा टिळा. नाकात नळी, नळीत देवासचा स्वच्छ ऑक्सिजन.

"थांब, मटारचे पोहे करायला सांगते. तुला आवडतात."

"नको."

"असं उपाशी नाही जायचं गं आमच्या घरून."

"वास येतोय," अपर्णा म्हणाली आणि उठली.

काकू घाबरल्या. त्यांचा हात झटकन नाकातल्या नळीकडे गेला. "कशाला? याला?"

"नाही. याला नाही."

*

टावर चौकात तिनं स्कूटी रसवंतीच्या कडेला लावली. संध्याकाळची गर्दी सुरू झाली होती, बाहेरगावचे यात्रेकरू कपाळावर चंदनाचे पट्टे ओढून सेल्फी काढत होते. तिनं उसाचा रस मागितला, घोट घेतला आणि ग्लास ठेवून दिला. काहीही प्यावं तर लसूण.

फोन वाजला. सुमीत. तिनं वाजू दिला. परत वाजला, तेव्हा कापला.

हॉस्पिटलांचे सगळे नंबर तिच्या फोनमध्ये होते. इतकी वर्षं याच लोकांना ती सांगत आली होती, आमच्या मालावर डोळे मिटून विश्वास ठेवा. तिनं मुलांच्या हॉस्पिटलचा लावला. स्टोअर सांभाळणारे प्रकाशराव मूळचे अकोल्याचे, बँकेतून निवृत्त होऊन इथं लागलेले, फोनवर आधी दोन मिनिटं हालहवाल विचारल्याशिवाय कामाचं बोलत नसत.

"नमस्कार, नमस्कार! अपर्णाताई, आज कशी काय आठवण..."

"प्रकाशराव, एक-चौतीस नंबरचे आमचे जेवढे सिलिंडर आहेत, सगळे काढा. आत्ता. लावलेलेही."

"काय झालं?"

"घाण आहे त्यात. कुठल्यात आहे आणि कुठल्यात नाही, ते मला सांगता येणार नाही. म्हणून सगळे. हे माझ्या नावानं लिहून ठेवा, वेळ टाकून."

पलीकडे खुर्ची सरकल्याचा आवाज आला. हालहवाल संपला होता.

"ताई, पण माझ्याकडे तर सगळे एक-चौतीसच आहेत हो. पूर्ण आठवडा तोच नंबर येतोय. आम्ही म्हटलंही होतं एकदा, छापायचं मशीन बिघडलं की काय तुमचं."

"जुने एक-तेहतीसचे राहिले असतील ते आधी लावा. कुठंतरी दोन-चार असतीलच."

"ते लावतो. पण ते किती पुरणार? आतमध्ये आठ पोरं आहेत नळीवर. रात्री मी काय लावू त्यांना?" त्यांचा आवाज चढला. "भय्यासाहेबांना माहीत आहे का हे? त्यांच्याशी बोलू का मी? ते काय म्हणतात?"

फोनवर मध्येच सुमीतचं नाव झळकत होतं, आणि त्याच्यानंतर आणखी एक नाव. अपर्णानं रसाचा ग्लास लांब सरकवला.

"देवासला फोन करा," ती म्हणाली. "भय्यासाहेबांनीही घरी तिथूनच मागवलाय. काल."